बाटली उघडण्याआधी

माझ्या जागी जो कोणी येईल, त्याच्यासाठी हे.
पद्धत वहीत आहे, तारखांसकट.
तिथे जे मावलं नाही ते इथे.

ऑगस्टात मुहर्रकची हवा पिळून वाळत घालता येते.
दाराबाहेर पाऊल टाकलं की चष्मा पांढरा होतो,
खजुराची झाडं, पाण्याचा टँकर, धावपट्टीकडे उतरणारं विमान
सगळं एकाच दुधात बुडतं.
असे सात ऑगस्ट पाहिले
आणि तरीही मला सुचलं नाही.

रेणू साधा आहे. दोन हात, मधे ठरल्या मापाचा दांडा.
एका हाताने या प्रथिनाचं लायसिन धरायचं,
दुसऱ्याने त्या प्रथिनाचं,
म्हणजे कळतं कोण कोणाच्या शेजारी बसलं होतं
शिंपल्याच्या अंधारात, मोती होताना.
आमचे बहुतेक एकहाती निघायचे.
एक हात प्रथिनाला, दुसऱ्याला नुसतं पाणी.
अकरा महिने यंत्र एवढंच सांगत होतं:
पाणी. पाणी.

रुबाने बफर बदललं. जुन्यात स्वतःचीच अमाइन होती,
पाहुण्याचं ताट वाढपी संपवून टाकत होता.
थोडा फरक पडला.
शाजीने नायट्रोजनचा कंप्रेसर खोलला,
फिल्टरमधून मूठभर वाळू काढली.
त्याने काही झालं नाही, घरघर तेवढी थांबली.

मग एका दुपारी शाजीने माझ्या लोणच्याच्या बरणीत
ओला चमचा घातला. मी ओरडले,
आणि ओरडता ओरडताच गप्प झाले.

उणे वीसमधली बाटली
आम्ही बाहेर काढल्या काढल्या उघडत होतो.
बाहेरून दव, आतून दव.
प्रथिनाला भेटण्याआधीच त्या हातांना पाणी लागत होतं.

म्हणून: बाटली टेबलावर ठेव. अर्धा तास.
झाकणाला हात लावू नकोस.
कोणी घाई केली तर माझं नाव सांग.

पुढे यंत्रात जोडी फोडताना, जोर.
कमी पडला तर ती न बोलता निघून जाते,
जास्त झाला तर चुरा.
आधी हलका फटका दे. दांडा तुटतो,
आणि दोन्ही तुकड्यांची दोन-दोन शिखरं उभी राहतात
जवळजवळ बत्तीसच्या अंतराने.
पहिल्यांदा दिसली त्या रात्री रुबाला एक मराठी शब्द दिला.
आता ती अरबी बोलता बोलता मधेच विचारते,
बत्तीशी दिसली का?

यादीत आपण मुद्दाम उलटी प्रथिनं घालतो,
शेवटाकडून वाचलेली, कुठेच नसलेली.
यंत्राने त्यांना ओळख दाखवली
की समजायचं, थापा मारतंय.
शंभरात एक थाप चालते.
माणसांचा हिशेब मी ठेवला नाही.

राहता राहिला जोड क्रमांक सत्तेचाळीस.
दांडा ताणून तीसपर्यंत पोचतो, हा एक्केचाळीस मागतो.
डॉ. हनादी म्हणाल्या, काढून टाक.
मी तीनदा नवा नमुना केला. तीनदा आला.
ज्या चित्रावर आपण मोजतो त्यातलं प्रथिन
बर्फात गोठवून टिपलेलं आहे.
आपलं खाऱ्या पाण्यात होतं, जिवंत असल्यासारखं.
हललं असेल.
त्याच्यापुढे पेन्सिलने प्रश्नचिन्ह केलं आहे.
खोडरबर डाव्या ड्रॉवरमध्ये.
वापरण्याआधी एकदा स्वतः करून बघ.

शेवटचं हे पार्किंगमध्ये, फोनवर लिहिते आहे.
कार्ड जमा केलं. दारात चष्मा पांढरा झाला.
पुसला नाही, उभी राहिले.
शाजी हॉर्न देत होता
कुठेतरी डावीकडे.